पुण्यात लेकराला काय काय दाखवलं

शाळा उघडली की मी चौथीच्या पोट्ट्यांना पहिल्याच आठवड्यात निबंध घालते, 'सुट्टीत मी काय केले'. आणि निबंधाआधी फळ्यावर लिहून ठेवते की 'खूप मजा आली' हे वाक्य ज्याच्या वहीत सापडेल, त्याने अख्खा निबंध पुन्हा लिहायचा. काय खाल्लं, कुठं पडलात, घरचं कोण ओरडलं, ते लिहा म्हणते मी. मजा आली की नाही ते वाचणारा ठरवेल.

यंदा निबंध माझ्यावरच उलटला. शाळेतल्या बाया मागे लागल्या, "मॅडम, तुम्ही पुण्याला जाऊन आल्या म्हणे. सांगा ना, लेकराला काय काय दाखवलं? आम्हीबी दिवाळीत जाऊ म्हणतो." त्यांना अर्धंच माहीत होतं. मी म्हटलं, लिहून देते. तोंडी मला सांगता येणार नाही, मध्येच अडकेन. तर ज्यांना पुण्याला लेकरं घेऊन जायचं आहे त्यांनी वाचावं, आणि ज्यांना जायचं नाही त्यांनीही.

आधी सांगून टाकते, आम्ही फिरायला गेलो नव्हतो. माझा मुलगा सम्यक, वय वर्षं आठ, याच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. ते कळलं गेल्या वर्षी, आमच्याच वाशिमच्या शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टर आले तेव्हा. बाकीच्या पोरांच्या छातीला नळी लावून ते पुढे सरकत होते, सम्यकपाशी थांबले. बराच वेळ थांबले. तोवर मी त्याला आळशी म्हणायची. जिना चढताना बसला की म्हणायची, ऊठ रे, म्हातारा झालास काय! हे मी माझ्या तोंडानं म्हटलेलं आहे, ते पुसता येत नाही.

मंगळवार, दवाखाना

कागदपत्रं, चकरा, पुन्हा कागदपत्रं, असं करत करत पुण्याच्या एका दवाखान्याची तारीख मिळाली होती. मी आणि सम्यक मंगळवारी पोचलो. त्याच्या बाबांना रजा शनिवारपासून होती. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारी ऑपरेशन करू. रविवारी सकाळी भरती व्हा. तोपर्यंत तुम्हाला एकच काम. याला सर्दी, खोकला, ताप काहीही होऊ द्यायचं नाही. झालं तर भूल देता येणार नाही, पुढे ढकलावं लागेल. आणि आता फार ढकलण्यात अर्थ नाही, फुप्फुसावरचा दाब वाढतोय."

"तोवर वाशिमला जाऊन येऊ का?"

"एवढी दगदग कशाला? पुण्यात आहे ना कोणी? मग राहा. सुट्टी आहे, मुलाला हिंडवा-फिरवा. दमवू नका, एवढंच."

सूचनांचा एक छापील कागद दिला. रिक्षात सम्यकनं तो माझ्या हातातून घेतला. त्याला वाचायचं वेड आहे. पळता येत नाही ते लेकरू वाचतंच. गाड्यांच्या कलकलाटात त्यानं मोठ्यानं वाचलं, "थंड पदार्थ, पाण्यात खेळणे, गर्दी टाळावी. सर्दी-ताप आढळल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात येईल." मग मला विचारलं, "पुढे म्हणजे कधी?"

"दीड-दोन महिन्यांनी."

"मग तर शाळा सुरू होऊन जाईल." बोटांवर हिशेब केला त्यानं. "मग मी पुन्हा कच्चा लिंबूच."

खेळात लहान, दुबळं पोरगं घेतात आणि त्याला आउट करत नाहीत, त्याला कच्चा लिंबू म्हणतात हे सगळ्यांना माहीत आहे. सम्यक पहिलीपासून कच्चा लिंबू आहे. पोरं त्याला शिवतसुद्धा नाहीत. ऑपरेशन झालं की खो-खोत खरा भिडू व्हायचं, हे त्यानं ठरवलं होतं. मला त्याच्या जिवाची पडली होती आणि त्याला खो-खोची. दोन्हीला लागणारी गोष्ट एकच होती, सोमवार.

विश्रांतवाडी

राहायला माझ्या नणंदेकडे, वंदनाताईंकडे. विश्रांतवाडीला तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. ताई सरकारी कचेरीत, भाऊजी हिंजवडीला एका कंपनीत. भाऊजींना घरून ऑफिसात पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी वाशिमहून अकोल्याला पोचते, आणि मला बसायला जागा तरी मिळते. मुलगी एकच, मैत्री, दहा वर्षांची. तिचं मराठी इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालतं. "मामी, ॲक्च्युअली ना, सम्यकला बोअर होईल घरी. वी शुड प्लॅन समथिंग."

पुण्यात जो तो उन्हानं हैराण. लिफ्टमध्ये, दुकानात, सगळीकडे एकच, "काय ऊन आहे हो यंदा!" अहो, असल्या उन्हात आम्ही लग्नं लावतो. वाशिमला दुपारी बाहेर पाय टाकला तर चप्पल डांबराला चिकटते. इथे संध्याकाळी वारा सुटतो आणि तरी लोक हाशहुश्श करतात. मी तर पहिल्या दिवशी ताईंना म्हटलं, "हा तुमचा उन्हाळा होय? आमच्याकडे याला थंडी गेली म्हणतात." ताई हसल्या.

ताई चांगल्या आहेत. हे आत्ताच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याशी जशी वागले त्यावरून कुणाला वाटायचं नाही. सम्यक आला म्हणून त्यांनी गादीवर नवी चादर घातली होती. स्वयंपाकात तिखट आमच्या हातानं टाकलं होतं, पुण्याच्या नाही. मला ओट्यापाशी ओढून हळूच म्हणाल्या, "सुजाता, काही झालंच तर... म्हणजे होणार नाही, पण लेकराची हौस राहायला नको गं."

"ताई, काही होत नाही." मी तोडून टाकलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. आधीपासून तिथेच असणार, ताईंनी फक्त बोलून दाखवलं.

बुधवार, सारसबाग

ऊन उतरल्यावर सारसबागेत गेलो. हिरवळ, तळ्यातला गणपती, आणि शेकडो लेकरं. पुण्यातली सगळी पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत इथेच सोडतात की काय! पळतायत, लोळतायत, एकमेकांना पाडतायत. आमचं हळूहळू चालत होतं आणि दर थोड्या वेळानं बसत होतं.

एका बाकावर पांढरी टोपी घातलेले आजोबा पेपर पसरून बसले होते. मी म्हटलं, "काका, जरा सरकता का? मुलगा दमलाय."

"बसा की. बाक माझा नाही, मी नुसता सांभाळतोय." पेपर गोळा केला. सम्यककडे चष्म्यावरून पाहिलं. "बागेत मुलं पळून दमतात. हा न पळताच दमला?"

"त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे सोमवारी."

आजोबांनी पेपरची घडी घातली, उठले आणि अख्खा बाक आम्हाला देऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, "आडवं होऊ द्या त्याला." पुणेकरांबद्दल आम्ही विदर्भातले लोक काय काय बोलतो, पण हे मला लिहून ठेवायचं होतं.

भेळ खाल्ली. भेळ गोड होती, मी नाक मुरडलं. मी बाथरूमच्या रांगेत होते तेवढ्या वेळात ताई दोन्ही पोरांना घेऊन खाऊच्या गाड्यांकडे चक्कर मारून आल्या. परत आले तर सम्यकच्या पांढऱ्या शर्टावर लालभडक डाग, छातीपासून पोटापर्यंत.

"हे काय?"

"अगं, कोणाचा तरी गोळा सांडला त्याच्या अंगावर. गर्दी केवढी," ताई म्हणाल्या. सम्यक बुटांकडे पाहत होता. मैत्रीचे ओठ लाल होते. मी डागावर पाणी मारलं, तर तो आणखी पसरला.

गुरुवार, कात्रज

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात बॅटरीची गाडी आहे, ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी. सगळे आजी-आजोबा आणि आमचा सम्यक. एका आजीनं त्याला विचारलंच, "तू कसा रे आमच्यात?" हा म्हणाला, "सोमवारपर्यंतच." आजी हसली. मी दुसरीकडे पाहिलं.

वाघ झोपला होता. वाघ पाहायला आलेल्यांना तो उठेल अशी आशा होती, ती दुपारपर्यंत मावळली. हत्ती अंगावर माती उडवत होता. साप काचेआड निपचित. सम्यकनं एकूण एक पाटी वाचली, कोण काय खातं, किती वर्षं जगतं. 'किती वर्षं जगतं' हे प्रत्येक ठिकाणी मोठ्यानं वाचायचा आणि मला वाटायचं, पुढे चला रे बाबा.

हरणांपाशी एक बाई जाळीतून कुरकुरे टाकत होती. राखणदार शिट्टी फुंकत आला. बाई म्हणाली, "अहो, एकच दिला." तो चिडला. "परत्येक जन म्हनतो एकच दिला. त्याच्या पोटात किती ग्येलं त्ये कोन बघतंय? मरतंय की मग जनावर!" बाई पुटपुटत निघून गेली. सम्यकनं राखणदाराला विचारलं, "ते हरीण स्वतः नाही म्हणत काय?"

"आता मुकं जनावर कसं न्हाई म्हननार, राजा?"

संध्याकाळी भाऊजी त्या दिवशी लवकर आले होते. पोरांना म्हणाले, "चला रे, दूध आणू." दूध आणायला पाऊण तास लागला. परतल्यावर मैत्री जेवली नाही, पोट धरून बसली. मी म्हटलं, बाहेरचं काही खाल्लं का? भाऊजी म्हणाले, "छे छे." मला थकवा आला होता. मी जास्त खोदलं नाही.

शुक्रवार, पाण्याचं पार्क

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसले तो दिवस.

मैत्रीला वॉटर पार्कचं वचन परीक्षेच्या आधीपासून दिलेलं होतं. ताईंनी रजा टाकली होती. मला म्हणाल्या, "तू आणि सम्यक घरी थांबा. तिथं त्याला नुसतं बघत बसावं लागेल, जीव जळेल त्याचा." पण सम्यकच म्हणाला, "मी पाहायला येतो." लेकराला नाही कसं म्हणायचं?

शहराबाहेर डोंगराच्या कुशीत ते पार्क आहे. तुम्ही लेकरांना न्यायचं म्हणाल तर जागा चांगली आहे, स्वच्छ आहे, वडापाव गार होता पण चहा बरा होता. उंचच उंच नळ्या, त्यातून माणसं किंचाळत खाली येतात. एके ठिकाणी समुद्रासारख्या लाटा. गाणी एवढ्या मोठ्यानं की छाती हलते. ताई आणि मैत्री आत शिरल्या. मी आणि सम्यक लहान मुलांच्या उथळ तळ्याच्या काठी, छपराखाली बसलो.

दोन तास बसलो. त्यानं हट्ट केला नाही, हेच मला सोसवेना. हट्ट केला असता तर मी दटावलं असतं, रडला असता, मी पुसलं असतं. हा हनुवटी गुडघ्यावर टेकवून पाहत होता आणि कोण कोणत्या नळीतून किती वेळा आलं ते मला सांगत होता. त्याच्या वयाची पोरं तळ्यात एकमेकांवर पाणी उडवत होती. एक थेंब त्याच्या पायावर पडला तर त्यानं पाय आत ओढून घेतला.

मग म्हणाला, "आई, ऑपरेशनमध्ये हृदय बंद करतात म्हणे. मैत्रीनं मोबाईलवर पाहिलं."

"थोडा वेळच. मशीन असते तेवढ्या वेळासाठी."

"आणि मग चालू नाही झालं तर?"

"होते. सगळ्यांचं होते."

त्यानं मान हलवली, शिक्षकाचं उत्तर चुकलेलं कळलं तरी पोरं हलवतात तशी. आणि माझ्या मनात ताईंचं ते वाक्य उठून उभं राहिलं. हौस राहायला नको. समजा, सोमवारी तसं झालंच. समजा, याचा हा शेवटचा उन्हाळा. मग मी काय आठवणार जन्मभर? हे, की लेकराला पाण्याच्या काठावर दोन तास बसवून ठेवलं? विचार कसा केला ते बघा माझ्या आईपणानं! लेकरू मरेल असं धरून मी त्याला पाण्यात सोडायला निघाले. जगेल असं धरलं असतं तर काठावरच ठेवलं असतं.

"सम्यक, जातोस का पाण्यात? पाचच मिनिटं."

त्यानं चमकून पाहिलं. "कागदावर नाही म्हटलं आहे."

"पाणी उन्हानं कोमट झालं आहे. हात लावून पाहा."

"चालते ना, आई?"

"चालते. मी हाव ना."

गेला. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग बसलाच. एका अनोळखी पोरानं त्याच्यावर पाणी उडवलं. यानं उलट उडवलं. त्या पोराला काय ठाऊक हा कच्चा लिंबू आहे! त्यानं बादलीभर पाणी याच्या डोक्यावर ओतलं, आणि माझा सम्यक हसला. असा हसला की आवाजच फुटेना, नुसता वाकून वाकून. मी मोबाईल काढला आणि पुन्हा ठेवून दिला, कारण फोटो राहिला तर ताईंना दिसला असता. म्हणजे मला तेव्हाही कळत होतं.

पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. मग ढग आला, डोंगरावरून वारा सुटला आणि तो कुडकुडायला लागला. ओठ जांभळे पडले. मी त्याला ओढून काढलं, ओढणीनं घासून घासून पुसलं, कपडे बदलले, ओली चड्डी पिशवीच्या तळाशी कोंबली.

"कोणाला सांगू नको बरं."

"हे पण नाही सांगत," तो म्हणाला.

दात वाजत होते त्याचे. 'हे पण' म्हणजे काय, आणखी काय सांगत नाहीस, असं विचारायला हवं होतं. मला तेव्हा फक्त त्याचे केस वाळवायची घाई होती. ताई आल्या, म्हणाल्या, "डोकं ओलं का गं याचं?" मी म्हटलं, "ऊन लागत होतं, पाण्याचा हात फिरवला." ताईंनी विश्वास ठेवला.

शनिवार

सकाळी ताईंची बुद्धवंदना चालली होती आणि मागून शिंक आली. एक. मग दोन. मी हात जोडून बसले होते, तशीच राहिले. ताईंची वंदना मध्येच अडखळली.

त्या दिवशी आम्ही कुठे गेलो नाही. वाफ, हळदीचं दूध, ओव्याची पुरचुंडी, छातीला तेल. ताई धावत होत्या, मैत्री दारात उभी राहून नखं खात होती, भाऊजी तीनदा मेडिकलमध्ये जाऊन आले. सगळे एवढे हादरले होते की मला वाटलं, यांचा किती जीव माझ्या लेकरावर! प्रत्येकाला वेगळं काहीतरी टोचत होतं ते मला काय ठाऊक? सम्यकचे बाबा संध्याकाळी आले, बॅग ठेवायच्या आधी त्याच्या कपाळाला हात लावला.

रविवार, पुन्हा दवाखाना

ताप शंभरच्या वर. नाक वाहत होतं. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, घसा पाहिला आणि पेन टेबलावर ठेवला.

"उद्या नाही करता येणार. सहा आठवडे तरी थांबावं लागेल. मग पुन्हा तपासू आणि फुप्फुसाचा दाब किती झालाय ते बघू." मग विचारलं, "काही थंड खाल्लं होतं का? पाण्यात वगैरे खेळला?"

"नाही," मी म्हटलं. प्रश्न संपायच्या आत म्हटलं.

माझ्या मागे ताई उभ्या होत्या. त्यांचा आवाज फाटला. "डॉक्टर, चूक माझी आहे. बुधवारी बागेत मी त्याला बर्फाचा गोळा घेऊन दिला. याच्या आईला माहीत नाही."

मग भाऊजी खाली मान घालून, "मीही गुरुवारी मस्तानी पाजली. एकच ग्लास. म्हटलं, पुण्यात येऊन मस्तानी प्यायली नाही असं नको." वाशिमच्या बायांसाठी सांगते, मस्तानी म्हणजे घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर्दी नेमकी कशानं झाली हे सांगता येत नाही. गर्दीतून होते, कोणाकडूनही होते." हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण मला ऐकायचंच नव्हतं. मला तर आयतं कोणीतरी सापडलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात मी ताईंना धरलं. लोक पाहत होते, मी पर्वा केली नाही. "शर्टावरचा डाग कोणाचा तरी सांडला म्हणे! माझ्या तोंडावर खोटं बोललात! हौस तुमची होती, ताई, लेकराची नव्हती. तुमचं लेकरू धडधाकट आहे ना, मग दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाशी खेळायला काय जाते तुमचं?"

ताई भिंतीला टेकल्या. सम्यकचे बाबा सख्ख्या बहिणीला म्हणाले, "ताई, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." मैत्री रडायला लागली, म्हणाली, "मामी, ॲक्च्युअली..." आणि मी तिच्यावर ओरडले, "तू गप्प बस!" सम्यक बाकावर नाक पुसत बसला होता. तो माझ्याकडे पाहत होता, एकटक. मला वाटलं, आजारानं मलूल झालाय.

परतीची वाट

ताप उतरला तसे आम्ही निघालो. ताईंनी डबा दिला तो मी घेतला नाही. आता ते आठवलं की लाज वाटते. गाडीत बाबांचा डोळा लागला. बाहेर नगर मागे पडलं होतं, दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं. सम्यक खिडकीशी होता.

"आई, आत्याला काहून बोलली तू?"

"तिनं गोळा दिला ना तुला."

"मी नाही खाल्ला."

मी त्याच्याकडे वळले.

"हातात धरून ठेवला. आत्या पैसे देत होती. सगळं पाणी झालं, अंगावर सांडलं. आणि काकानं मस्तानी दिली ते मैत्रीनं प्यायली, तिची पण आणि माझी पण. तिचं पोट दुखलं. मला तर सोमवारी ऑपरेशन करायचं होतं. कागदावर लिहिलं होतं ना, थंड खायचं नाही."

"मग दवाखान्यात सांगितलं काहून नाही?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तू म्हटलं होतं, कोणाला सांगू नको. मी गोळा नाही खाल्ला म्हटलं असतं, तर डॉक्टरनं विचारलं असतं, मग काय केलं? मग तुला रागावले असते."

"मग पाण्यात कसा गेलास रे? कागदावर तेही लिहिलं होतं."

त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तू म्हटलं ना चालते. तू तर आई होय."

तो पुन्हा बाहेर पाहायला लागला. आत्यानं दिलेलं त्यानं नाकारलं, काकानं दिलेलं नाकारलं. त्या राखणदाराला सांगायला हवं, माझं हरीण सगळ्यांना नाही म्हणालं होतं, फक्त मला नाही म्हणालं नाही. मी तोंडात ओढणी कोंबून रडले, बाबा जागे होऊ नयेत म्हणून. मग मीच त्यांना उठवलं आणि सांगितलं. उरलेला सगळा प्रवास सम्यक त्यांच्या मांडीवर होता.

घरी पोचल्यावर मी ताईंना फोन लावला. सगळं सांगितलं, पाण्याचं, ओढणीचं, 'नाही' म्हटलेलं.

"ताई?"

"ऐकतेय. तीन दिवस मी जेवले नाही, सुजाता." मग म्हणाल्या, "मैत्री तेच सांगत होती तेव्हा. तू तिला गप्प केलंस."

"ताई, मला माफ..."

"ते राहू दे आत्ता. नवी तारीख कळव. मी रजा टाकते." आणि फोन ठेवला. पूर्वीसारखं 'सम्यकला दे' म्हणाल्या नाहीत.

तर असं पुणं पाहिलं आम्ही. सारसबाग, कात्रज, पाण्याचं पार्क. लेकरांना न्या, जागा चांगल्या आहेत.

शाळा सुरू झाली आहे. सम्यक खो-खोच्या मैदानाच्या कडेला बसतो, आता त्याला कच्चा लिंबू म्हणूनही घेत नाहीत, कारण दोन पावलांत धाप लागते. पुढची तारीख जवळ येत चालली आहे. काल शाळेतून आल्यावर घामाघूम झाला होता, म्हणून मी लिंबाचं सरबत करून दिलं. पाणी साधं, माठातलं सुद्धा नाही. त्यानं ग्लास हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"हे चालते का? डॉक्टरला विचारलं?"

"चालते रे बाळा. विचारलं."

त्यानं ग्लास ओट्यावर ठेवला आणि दारात जाऊन बसला, बाबा येईपर्यंत.